खोक्यावरचा पत्ता

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कोपरखैरण्याच्या आमच्या हबवर खोक्यांचा खच पडलेला असेल. दिव्यांच्या माळा, एअर फ्रायर, उटण्याचे सेट, आणि आपली साडी कालच यायला हवी होती असं ठामपणे वाटणारी गिऱ्हाइकं. मी आता त्यात नाही. काम सोडून घरी बसले आहे आणि दिवाळीत शांतपणे चकल्या पाडते आहे. तरीही सोसायटीच्या गेटवर एखादा रायडर पार्सल घेऊन थांबलेला दिसला की माझी नजर आधी लेबलकडे जाते. नाव वरच्या बाजूला आहे का, नंबर उघडा आहे का, हे बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमचे हे म्हणतात, "अगं, रिटायर झालीस ना!"

हब म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की मोबाइलवर बोट दाबलं की वस्तू आकाशातून येते. वस्तू येते तुर्भ्याच्या मोठ्या गोदामातून. तिथून टेम्पो आमच्या गाळ्यासमोर लागतो. आम्ही खोकी उतरवायची, स्कॅन करायची, सेक्टरप्रमाणे लावायची आणि रायडरच्या पिशवीत भरून द्यायची. सेक्टरचं काम सोपं असतं, तिथे इमारतीला नंबर, फ्लॅटला नंबर. बोनकोडे गावात मात्र आमची परीक्षा. ते गाव शहराच्या कितीतरी आधीचं. घराला घर चिकटून वर चढत गेलेलं, अर्ध्या आळीचं आडनाव एकच. तिथे पत्त्याच्या रकान्यात लोक लिहितात, 'देवळाच्या मागे, आल्यावर फोन करा.' म्हणून तिथला रायडर तिथलाच लागतो.

या हबची मी इन्चार्ज होते. माझे वडील साताऱ्याकडून येऊन कांदा-बटाटा मार्केटात माथाडी झाले, त्यामुळे ओझी उचलण्याचं काम आमच्या घरात नवं नाही. पण त्यांच्या पोत्यात आणि माझ्या खोक्यात एक फरक होता. कांद्याच्या पोत्यात कांदा आहे हे साऱ्या मार्केटला कळलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. खोक्यात मात्र माणसाचं घर असतं. कुणाकडे पाळणा हलणार आहे, कुणाचे वडील अंथरुणातून उठत नाहीत, कुणी चोरून बारीक व्हायला बघतंय, हे आम्हाला खोकं न उघडता समजायचं. आकार, वजन आणि पाठवणाऱ्याचं नाव पुरे. काही विक्रेते तर इतके उत्साही की आत काय आहे ते बाहेर स्टिकरवर छापून टाकायचे.

लोकांना दुसऱ्याच्या खोक्याबद्दल जी उत्सुकता असते ती मी जवळून पाहिली आहे. एका इमारतीतल्या आजी सुनेचं पार्सल आलं की रायडरला दारात उभं करून ते कानाशी धरून हलवायच्या. "काय रे, बांगड्या आहेत का?" तो म्हणायचा, "आजी, मला आतलं दिसत नाही." आजी म्हणायच्या, "मग नोकरीला कशाला ठेवलंय तुला?"

यात हसण्यासारखं होतं तोवर मीही हसले. मग ते गृहस्थ आले.

डोक्यावर टोपी, हातात मोबाइल. एका शाळेत शिकवत होते. त्यांनी केसांचा टोप मागवला होता आणि सूचनांमध्ये लिहिलं होतं, 'फक्त माझ्याच हातात द्यावे.' आमच्या रायडरने घर बंद बघून खोकं वॉचमनकडे दिलं. वॉचमनने गेटवरच्या टेबलावर ठेवलं. सोसायटीचे सेक्रेटरी परोपकारी. त्यांनी स्टिकरसकट फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'कोणाचे पार्सल आहे? कृपया न्यावे.' खाली कुणीतरी कंगव्याचं चित्र टाकलं. त्यांच्या वर्गातली दोन मुलं त्याच सोसायटीत राहत होती.

"मॅडम," ते म्हणाले, "मी केसांचे पैसे दिले होते. जाहिरातीचे नाही."

मी माफी मागितली, रायडरला झापलं, कंपनीला कळवलं. कंपनीने त्यांना एक कूपन पाठवलं. त्या कूपनाची मला आजही लाज वाटते. त्या दिवसापासून मी हबवर नियम केला की वस्तू लिहिलेल्या स्टिकरवर आधी ब्राउन टेप मारायची आणि मगच खोकं बाहेर काढायचं. पोरं कुरकुरली. टेपचा खर्च कोण देणार म्हणून वरून विचारणा झाली. मी टेप मारत राहिले. मला आडमुठी म्हणणाऱ्यांची संख्या तेव्हापासून वाढली, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागलं.

पण लोकांचंही एक वाक्य मला फार छळायचं. "आपण काय चोरी करतोय? लपवायचंय काय?" दारात स्टीलची वाटी फुकट देणाऱ्याला हेच लोक नाव, नंबर, जन्मतारीख सगळं सांगून मोकळे होतात. वर आधार कार्डाची झेरॉक्स, प्रसाद वाटावा तशी. लपवायला चोरीच लागते असं थोडंच आहे? त्या सरांनी कुणाचं काय चोरलं होतं?

अश्विनीची गोष्ट मात्र हसण्याच्या पलीकडची आहे. तिचं नाव मी बदललं आहे, आणि बदललं नसतं तर हा लेख लिहिण्याचा मला हक्कच नव्हता.

बोनकोड्यात एका चाळीत वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायला आली होती. शिवणकाम करायची. हुक, चेन, लेस, अस्तर असं काहीबाही ती सारखं मागवायची. लेबलवर नाव असायचं 'अ. साळवी', पत्ता 'विहिरीजवळ, फोन करणे'. तिची पार्सलं दत्ता न्यायचा. दत्ता म्हणजे गावचाच, आगरी, आमचा सगळ्यात जुना रायडर. त्याला फोन करावा लागायचा नाही. तो जिन्याखालून ओरडायचा, "गो बाय, पार्सल हाय!" आणि ती दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची.

एक दिवस ती धापा टाकत हबवर आली. मी तिला पहिल्यांदाच समोर बघत होते. गळ्यात मापाची टेप तशीच, पायात दोन वेगळ्या चपला.

"मॅडम, तुमच्याकडून आत्ता मला कुणी फोन केला होता का?"

"का गं?"

"एक माणूस म्हणाला, पार्सल आहे, घर सापडत नाही, नीट पत्ता सांगा. मी सांगायला लागले, बोनकोड्यात विहिरीजवळ... तेवढ्यात तो म्हणाला, अश्विनी मॅडम, कितवा मजला?" ती थांबली. "लेबलवर माझं नाव फक्त 'अ' आहे. आणि आडनाव आईचं आहे. मी फोन कापला."

मी कॉम्प्युटर बघितला. त्या दिवशी तिच्या नावाचं एकही पार्सल हबमध्ये नव्हतं.

तिला मी खुर्चीत बसवलं, चहा दिला. कप तिने डाव्या हातात घेतला. उजवं मनगट नीट वळत नव्हतं. मी विचारलं नाही, तीच म्हणाली, "नवऱ्याने पिरगळलं होतं. हाड वाकडं जुळलंय." ती ऐरोलीचं घर सोडून आली होती. पोलिसांत तक्रार दिलेली होती. नवा नंबर घेतला होता, नवं खातं उघडलं होतं, सगळी काळजी घेतली होती. तिला एकच कळत नव्हतं, की हा नंबर बाहेर गेला कसा. कारण तो तिच्या आईकडे होता, घरमालकिणीकडे होता आणि आमच्या लेबलवर होता.



दोन दिवसांनी तो माणूस स्वतः आला. मी मनात एखादा दांडगा राक्षस धरून ठेवला होता. हा इस्त्रीचा शर्ट घातलेला, हात जोडून बोलणारा, सोबत पेढ्यांचा बॉक्स.

"नमस्कार ताई. माझी मिसेस इथूनच पार्सल घेते. जरा रागावून गेली आहे. घरोघरी असतं हो. पण तिच्या आईची तब्येत एकदम सिरियस आहे, तिला कळवायला हवं. फोन उचलत नाही. तुम्ही पत्ता दिलात तर उपकार होतील."

"तुम्हाला कुणी सांगितलं की त्या इथून पार्सल घेतात?"

त्याने मोबाइल पुढे धरला. "हे बघा ना, तुमच्याच इथलं आहे."

फोटो होता. आमच्या हबचं लेबल, त्यावर अ. साळवी, 'विहिरीजवळ' एवढाच पत्ता, खाली पूर्ण नंबर. ते धरलेला अंगठाही दिसत होता आणि बाजूला आमच्या कंपनीच्या टी-शर्टची बाही. मी चेहरा सरळ ठेवला. मार्केटात वाढलेल्या माणसाला तेवढं येतं.

"आई आजारी आहे म्हणता. मग निरोप द्या, मी आत्ता पोचवते."

"निरोप नको. मी स्वतः जातो."

"निरोप लवकर पोचेल. कुठल्या हॉस्पिटलात आहेत?"

"ताई, पत्ता द्या ना. नवरा आहे मी तिचा."

"मग तुम्हाला पत्ता माहीत असायला हवा होता."

आजूबाजूला पोरं खोकी लावत होती. त्यातला एक हळूच म्हणाला, "मॅडम, आई सिरियस आहे त्यांची. द्या ना, काय होतंय?" त्याचाही दोष नाही. आमच्या धंद्याचं सगळं शिक्षणच पत्ता शोधून देण्याचं. मी त्या पोराला म्हटलं, "निरोप पोचवते म्हटलं तर नको म्हणाले, ऐकलंस ना? मग त्यांना आईची काळजी आहे की पत्त्याची?"

तेव्हा त्या माणसाचा आवाज बदलला. वर मोठी ओळख आहे, नोकरी घालवीन, वगैरे. मी म्हटलं, "पोलिसांकडून लेखी आणा. ते मागतील तर त्यांना देईन. तुम्हाला नाही." पेढ्यांचा बॉक्स मी उचलून त्याच्या हातात परत दिला.

तासाभरात आमच्या एरिया मॅनेजरचा फोन. वयाने माझ्या मुलाएवढा, बोलायला चटपटीत.

"मॅडम, टेन्शन नका वाढवू. एस्कलेशन आलंय, वरपर्यंत तक्रार गेलीय. तो आपला प्रीमियम कस्टमर आहे. हजबंड-वाइफचं मॅटर, आपण कशाला मध्ये पडायचं? देऊन टाका, विषय क्लोज."

"साहेब, पत्ता दिला तर आपण मध्ये पडलो. नाही दिला तर नाही पडलो. आणि तीसुद्धा आपली कस्टमरच आहे."

"ती किती रुपयांची ऑर्डर करते?"

"हुक आणि चेन मागवते. तिचा हात वाकडा आहे, साहेब, तरी शिवते. तुम्ही असं करा, मला मेल टाका. या बाईचा पत्ता या माणसाला द्यावा, आपला नम्र. मी मेलची वाट बघते."

ते म्हणाले, "तुम्ही पण ना, मॅडम..." आणि फोन ठेवला. तो मेल मी काम सोडेपर्यंत आला नाही.

आता प्रश्न उरला त्या फोटोचा. मी सगळ्या रायडरना थांबवून विचारलं. एक जण रडकुंडीला येऊन पुढे आला. दत्ताच्या चुलतभावाची हळद होती म्हणून दत्ता सुट्टीवर होता. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, त्या दिवशी त्याला कामावर बोलावणं कुणाच्या बापाला जमणार नाही. त्याच्या जागी गेलेल्या या पोराला विहिरीजवळचं घर सापडेना, बाई फोन उचलेना. त्याने लेबलचा फोटो काढून रायडरांच्या ग्रुपवर टाकला, 'हे घर कोणाला माहीत आहे का?' कुणीतरी फोनवर समजावलं, पार्सल पोचलं, सगळे खूश.

या ग्रुपबद्दल मला तोवर पत्ता नव्हता. दत्ताने तो बनवला होता, नाव 'हब परिवार'. मी त्याच्या मोबाइलमध्ये नावं बघितली आणि डोक्याला हात लावला. निम्मी माणसं आमचं काम कधीच सोडून गेलेली. कुणी रिक्षा चालवतं, कुणी वडापावची गाडी टाकलीय, कुणी गावी परतलंय. आणि रोज या सगळ्यांना आमच्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर, घरं दिसत होती. त्यातलाच एक जण ऐरोलीत ड्रायव्हर म्हणून लागला होता, अश्विनीच्या नवऱ्याच्याच ऑफिसात. नवऱ्याने तिचा फोटो दाखवून विचारलं, अशी कुणी कधी पाहिलीस का? याला चेहरा आठवला, कारण सुरुवातीला एक पार्सल तिने हबच्या दारातून त्याच्याच हातून नेलं होतं; घर मात्र त्याने पाहिलं नव्हतं. नंतर ग्रुपवर ते लेबल बघितलं आणि पाठवून दिलं. मी फोन लावला तर म्हणाला, साहेबांना मदत केली.

"दत्ता, काढून टाक सगळ्यांना. जे काम सोडून गेले ते सगळे बाहेर."

दत्ता माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी त्याला कुणाच्या घराला आग लावायला सांगितलं आहे.

"म्याडम, असा कसा काडू? त्यांच्या घरी जेवलोय मी. गनपतीला येतान आमच्याकडं. उद्या बोलतील, यानं नोकरीबरोबर मानूसपन सोडला."

हे खोटं नव्हतं. आपल्याकडे ग्रुपमधून काढणं म्हणजे पंगतीतून उठवणं. लोक वर्षानुवर्षं नको असलेल्या ग्रुपात बसून राहतात, पण ना स्वतः निघत, ना कुणाला काढत. या भिडेपायीच आमच्या हबचं दार सताड उघडं राहिलं होतं.

मी त्याला चिडून काही बोलले नाही. तिच्या मनगटाबद्दल सांगितलं. नवऱ्याचा फोन आल्यावर ती वेगवेगळ्या चपला घालून धावत आली होती तेही सांगितलं. दत्ता मोबाइल मांडीवर ठेवून बसला. मग त्याने बोट चालवायला सुरुवात केली.

"पयला मेव्हन्याला काडतो," तो म्हणाला. "मंग कोनी बोलाला नको का दत्तानं घरच्यांना ठेवला."

संध्याकाळपर्यंत त्याला शिव्यांचे फोन आले. मेव्हणा तर बरेच दिवस बोलत नव्हता. दत्ता प्रत्येकाला एकच सांगायचा, "म्याडमनी सांगितला." मला काही हरकत नव्हती. माझ्या पाठीवर तेवढी जागा होती. सगळ्या पोरांचे मोबाइल पुढ्यात घेऊन जुने फोटो त्यांच्याच हाताने खोडायला लावले आणि नवा नियम केला. घर सापडलं नाही तर हबला फोन करायचा, गिऱ्हाइकाशी मी बोलेन. फोटो नाही. पार्सलं उशिरा पोचायला लागली, वेळेवर पोचवण्याचा आमचा आकडा घसरला, वरून बोलणी बसली. मी नियम हलवला नाही. पुढे कंपनीनेच लेबलवरचे नंबर झाकायला सुरुवात केली, तेव्हा एरिया मॅनेजरनी मीटिंगमध्ये ती आपली कल्पना असल्यासारखं सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या.

पण हे सगळं अश्विनीच्या काय कामाचं? मी तिच्या खोलीवर जाऊन सगळं खरं सांगितलं, की नंबर आमच्याकडूनच गेला. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती खाली बसून राहिली. घरमालकीण म्हणाली, "येऊंदे त्याला, आमची अख्खी आळी उभी र्‍हाईल." ती खरोखरच उभी राहिली असती. पण बोनकोडे आणि विहीर हे दोन शब्द त्या माणसाच्या कानात पडले होते. रोज खिडकीतून खाली बघत शिवायचं तिला नको होतं. तक्रारीत या फोनची भर घालून तिने जागा बदलायचं ठरवलं. मनगट त्याने मोडलं, नंबर आम्ही सांडला, आणि घर सोडावं लागलं तिला. याचा मला तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो.

निघायच्या दिवशी ती हबवर आली. तिचं शेवटचं पार्सल आमच्याकडे होतं, अस्तराचं कापड. बाहेर छोटा टेम्पो उभा, मागे शिलाई मशीन चादरीत गुंडाळून दोरीने आवळलेलं. मी खोकं तिला दिलं, मग परत मागून घेतलं आणि तिच्यासमोर कात्रीने लेबल कापून बारीक तुकडे केले.

ती म्हणाली, "ताई, नवीन जागेचा पत्ता सांगून ठेवते तुम्हाला. तुमच्याकडे असला तर बरं."

"नको सांगूस."

"अहो, तुमच्यावर विश्वास आहे माझा."

"असू दे. तरी नको. उद्या कुणी चांगल्या तोंडाने येईल, आई आजारी आहे म्हणेल. परवा वरून फोन येईल. मी म्हातारी होणार आहे, अश्विनी. मला जे माहीतच नाही ते माझ्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही."

तिने माझा हात धरला, त्याच वाकड्या मनगटाच्या हाताने, आणि चांगला घट्ट धरला. मग खोकं काखेत मारून टेम्पोत जाऊन बसली.

टेम्पो सुरू झाला तसा दत्ता बघायला शटरपर्यंत गेला. मी त्याला बाहीला धरून आत ओढला आणि आम्ही दोघंही रस्त्याकडे पाठ करून उभे राहिलो. टेम्पो डावीकडे वळला की उजवीकडे, ते आम्हाला माहीत नाही.